बत्तिसावी पिशवी

मित्रांनो, माझ्या बुडाला एक ठिगळ आहे. लहान मुलाच्या तळहाताएवढं. बाकीचं तांबं जुनं, काळपट लाल झालेलं, आणि ते ठिगळ मात्र अजून नवं दिसतं. ते कसं लागलं हे सांगायचं तर सगळी हकीकत सांगावी लागेल, म्हणून जरा जवळ बसा. मी तांब्याचा एक म्हातारा टोप. दोन धडधाकट माणसं दोन बाजूंनी कान धरतील तेव्हाच मी हलतो, आणि अख्खं मेंढरू शिजत घातलं तरी माझ्यात वर चार बोटं जागा उरते.

मोसूलच्या तांबटांच्या बाजारात माझा जन्म झाला. तिथे सकाळपासून इतकी ठोकाठोक चालायची, की शेजारच्या दुकानातला माणूस काय म्हणतो ते ओठांवरून ओळखावं लागे. माझ्या अंगावर हातोडीच्या हजारो खुणा आहेत. एके दिवशी बाकेना नावाच्या गावाहून कत्तो नावाची एक विधवा बाई आली. तिने चारपाच टोपांवर बोटाच्या पेराने टकटक केली, प्रत्येकाला कान लावला, आणि माझ्यापाशी थांबली.

"ह्याचा आवाज खोल आहे," ती म्हणाली. "हा पुरेल आम्हाला."

तिला पाच मुलगे होते. पाचांच्या पाच खोल्या, मध्ये एकच अंगण, आणि अंगणाची मागची भिंत चर्चच्या भिंतीला लागलेली. थोरला कर्याकोस चर्चमध्ये शमाशा होता, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी स्तोत्रं गाणारा. घरात बायबल वाचल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. मी वर्षभर त्या घरचं काम केलं. उन्हाळा सरताना माझ्यात गहू उकडला जाई, आणि गल्लीतली सगळी पोरं वाट्या घेऊन तो ऊन ऊन गहू खायला जमत. लग्नाकार्यात भात शिजे. पण माझा खरा दिवस म्हणजे नाताळ.

नाताळच्या आधी पंचवीस दिवस त्या घरात मांस, दूध, अंडं, तूप काही शिवत नसत. त्या दिवसांत कल्हईवाला येई. तो माझ्यात वाळू टाकून अनवाणी उभा राही आणि भिंतीला धरून कमरेतून असा गर्रकन वळे, की अंगणातल्या पोरांची हसून पुरेवाट होई. मग कथील फिरलं की मी आतून चांदीसारखा लखलखे. आदल्या दिवशी बायका खजूर भरून क्लेचा भाजत, म्हणजे आपल्या करंजीच्या चुलत बहिणीच म्हणा ना. आणि दुपारी सगळ्या माझ्याभोवती गोल करून शिवायला बसत.

शिवायला म्हणजे कपडे नव्हे, मित्रांनो. मेंढराची वजडी धुऊन, खरवडून पांढरीशुभ्र करायची, तिच्या पिशव्या कापायच्या, त्यात तांदूळ, खिमा आणि मसाला भरायचा आणि सुईदोऱ्याने तोंड शिवायचं. मुंडी, पाय आणि या पिशव्या माझ्यात रचल्या, की मी निखाऱ्यांवर मंद शिजत राहायचो. सकाळी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना आटोपून सगळे आले की याच जेवणाने उपास सुटे.

त्याआधी संध्याकाळी अंगणात काटेरी झुडपांची होळी पेटे. घरातलं सर्वांत लहान वाचता येणारं मूल बाळ येशूच्या जन्माची गोष्ट मोठ्याने वाची, बाकीचे मेणबत्त्या धरून उभे. कर्याकोस स्तोत्र म्हणे. काटे जळून राख झाली, की एकेकाने ती तीनदा ओलांडायची आणि मनात काहीतरी मागायचं.

या घरात वारीना सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. कर्याकोसची बायको. पहिल्याच नाताळला शिवताना तिच्या बोटात सुई गेली. कत्तोने मान वर न करता विचारलं, "आईने सुई धरायला शिकवली नाही, की सासरी जाऊन शीक म्हणाली?"

"शिकवली की," वारीना बोट चोखत म्हणाली. "पण आमच्या घरी आठ माणसं. इथे अख्खी पलटण शिवायची आहे."

जावा पदराआड हसू लागल्या. कत्तोही हसली. मला वाटतं त्याच दिवशी तिने ठरवलं असावं, की आपल्यामागे माझा डाव हिच्या हातात द्यायचा.

कत्तोचा एक नियम होता. घरात जेवढी तोंडं, तेवढ्याच पिशव्या. शिवून झाल्या की ती प्रत्येकाचं नाव घेत एकेक पिशवी माझ्यात सोडी. "एक कमी पडली तर कुणीतरी उपाशी राहील," ती सुनांना सांगे. "आणि एक जास्त झाली तर ते नसलेल्या माणसाला बोलावल्यासारखं होतं. जास्तीची शिवायची नाही, कधीच नाही." म्हातारी गेली त्या वर्षी वारीनाने मोजताना सवयीने तिचं नाव घेतलं आणि पटकन जीभ चावली. हातातली पिशवी तिने दुसऱ्याच्या नावावर सोडली.

वारीनाला चार मुलं झाली. थोरला तोबिया, मग मरियम, मग दिन्हा, आणि शेवटी आणखी एक मुलगी. जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला जन्मला, म्हणून त्या सणाचंच नाव. पाच वर्षांचा असताना त्याने होळीसमोर गोष्ट वाचली, आणि हेरोद राजाचं नाव आलं की तो आवाज घोगरा काढी. मोठा झाल्यावरही राख ओलांडताना शेवटची उडी मुद्दाम उंच मारायचा. आई ओरडायची, "अरे विजार जळेल!"

मग युद्ध आलं. पूर्वेच्या शेजाऱ्याशी लागलेलं ते युद्ध आठ वर्षं चाललं. अठरा पुरी झालेल्या पोरांना सरकार उचलून नेई. दिन्हालाही नेलं. तोबिया त्याच्या आधीच गेला होता आणि पायाला जखम होऊन घरी परतला होता.

एकोणीसशे शहाऐंशीच्या नाताळला दिन्हा रजेवर आला. त्या वर्षी घरात बत्तीस माणसं होती. वारीनाने बत्तीस पिशव्या शिवल्या आणि त्याचं नाव घेऊन सोडलेली पिशवी चांगली टम्म भरली होती. पण त्याने त्यातली अर्धीच खाल्ली. होळीच्या वेळी त्याने राख ओलांडली ती चालत, उडी न मारता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला धुऊन स्वयंपाकाच्या छपरात पालथा घातला होता. दिन्हा येऊन माझ्यावर बसला. बाप समोर लाकडं रचत होता.

"बाबा, मी परत जात नाही."

कर्याकोसच्या हातातलं लाकूड तिथेच थांबलं. "म्हणजे?"

"मागच्या धान्याच्या पेवात राहीन. गहू काढून ठेवू. दिवसा बाहेर येणारच नाही. माझ्या तुकडीतले नऊ जण गेले, बाबा. एकेकाला मी ओळखून दिलं. बुटांवरून."

मित्रांनो, त्याचे गुडघे कापत होते, आणि ती थरथर माझ्या अंगात उतरत होती. मी बारीक वाजत होतो.

"ते शोधायला येतील," बाप हळू आवाजात म्हणाला. "तू नाही सापडलास तर तोबियाला नेतील. तुझ्या बहिणींना नेतील. गेल्या साली खालच्या गावात काय झालं ते तुला माहीत आहे."

"बाबा, तुम्ही दर नाताळला वाचायला लावता. त्या बाळ येशूलाही हेरोदापासून लपवलंच होतं ना? रातोरात मिसर देशात नेलं. देवानेच सांगितलं होतं, लपवा म्हणून."

कर्याकोसने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाला, "आणि मागे राहिलेल्या बेथलेहेमच्या पोरांना हेरोदाने कापून काढलं, तेही त्याच पानावर आहे."

त्यानंतर दिन्हाने काही मागितलं नाही. बाप उठला. "तोंड धुऊन ये. येम्मीला यातलं काही कळता कामा नये." येम्मी म्हणजे आई.

दुसऱ्या दिवशी वारीनाने फडक्यात क्लेचा बांधून दिल्या. बाप लेकाला सडकेपर्यंत सोडून आला. फेब्रुवारीत एक कागद आला. बसराच्या लढाईत बेपत्ता. मेला असं त्यात नव्हतं, जिवंत असंही नव्हतं.

त्या वर्षापासून कर्याकोस होळीसमोर गायचा बंद झाला. चर्चमध्ये गायचा, पण घरात नाही. स्तोत्र म्हणायची वेळ आली की तोबियाकडे बघायचा. दिन्हाचं नाव त्याने तोंडातून काढलं नाही, आणि त्याच्यासमोर दुसऱ्या कुणालाही काढवेना. लोक म्हणत, दुःख आहे, होईल हलकं. त्या छपरात काय बोलणं झालं ते एकट्या मला माहीत आहे, असं मी समजत होतो. भांड्याला सांगता येत नाही, मित्रांनो. भांडं फक्त वाजतं.

पुढच्या नाताळला घरात एकतीस माणसं होती. बायका शिवून उठल्या. वारीना मात्र पाठमोरी बसून आणखी शिवत राहिली. धाकटी जाऊ आत आली आणि तिने पाहिलं.

"अगं बाई, एकतीस झाल्या ना? ही कुणाची?"

वारीनाने पुढचा टाका घातला.

"सासूबाई असत्या तर हात धरला असता तुझा. नसलेल्याला असं बोलावू नये."

"मग येऊ दे की," वारीना दातांनी दोरा तोडत म्हणाली. "दार मी उघडंच ठेवलंय."

सकाळी वाढताना डावाखाली ती एक पिशवी उरली. एका पोराने विचारलं, "ही कुणाची?" कर्याकोस ताटाकडे बघत राहिला. सगळे पांगल्यावर वारीनाने ती एकटीने उसवली आणि आतला भात पाखरांना टाकला.

मग ते दर वर्षी होऊ लागलं. नाताळच्या सकाळी, जेवणं अर्ध्यावर आली की फाटकाशी कुणीतरी उभं असल्यासारखं सगळ्यांनाच वाटे. कुत्रा उठून त्या दिशेला बघे आणि भुंकत नसे, नुसता शेपूट हलवी. कुणीतरी जाऊन पाहून येई. गल्ली रिकामी असे. पोरं आपापसांत कुजबुजत, "दिन्हाकाका येऊन गेला." मोठी माणसं त्यांना दटावत, पण फाटकाकडे पाठ करून बसायला कुणीच तयार नसे. दिन्हा खरंच येत होता का? मला विचाराल तर, शिजताना त्या एका पिशवीच्या बाजूला माझं तांबं बारीक थरथरायचं. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

वर्षं गेली. एक भाऊ अमेरिकेला गेला, एक ऑस्ट्रेलियाला, भाच्या जर्मनीत. बत्तिसाचे पंचवीस झाले, पंचविसाचे एकोणीस. वारीना दर वर्षी मोजून शिवी आणि शेवटी एक जास्तीची शिवी. घरात त्या पिशवीला सगळे बत्तिसावीच म्हणत, मग माणसं किती का असेनात.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी चर्चची घंटा अवेळी वाजू लागली. काळे झेंडेवाले बंदूकधारी शेजारच्या गावात शिरले होते. अंगणात एकच गडबड उडाली. तोबियाने पिकअप गाडी फाटकाशी लावली. त्याची बायको सुहाम आणि मुलगी नहरीन मला कानांना धरून ओढत दारापर्यंत घेऊन आल्या.

"अरे तो टोप कशाला?" तोबिया ओरडला. "माणसं बसवू की भांडी?"

"येम्मी त्याच्याशिवाय यायची नाही."

"येम्मी येईल. ठेवा तो खाली!"

मला तिथेच उंबऱ्याजवळ ठेवलं. आणि कर्याकोस माझ्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसला. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, अंगात चर्चला जायचा कोट.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी येत नाही."

तोबियाने हात जोडले, शिव्या दिल्या, उचलून टाकीन म्हणाला. म्हातारा हलेना. शेवटी वारीना गाडीतून उतरून आली.

"अहो तोबियाचे बाबा, आता हे काय?"

"एकदा मी आपल्यातल्या एकाला गाडीत बसवलं आणि स्वतः घरी परत आलो." तो फाटकाकडे बघत म्हणाला. "वारीना, तो जाणार नव्हता. मला म्हणाला, पेवात लपवा. मी पाठवलं त्याला. हे तुला सांगायला हवं होतं."

"मला माहीत आहे."

कर्याकोसने मान वर केली.

"मी दाराआड होते. कणीक मळत होते, हात पिठात होते," वारीना म्हणाली. ती रडत नव्हती. "सगळं ऐकलं मी. आत येऊन 'राहू द्या त्याला' एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही ठेवून घेतला असता. माझा शब्द तुम्ही मोडला नसता. म्हणूनच आले नाही आत. मी मोजत होते, तोबियाचे बाबा. तोबिया, दोन पोरी, आणि एका बाजूला तो. आई असून उभ्या उभ्या मोजलं मी. तुम्हाला काय वाटलं, ती पिशवी मी तुमच्यावर रागावून शिवते?"

"मला तसंच वाटलं. सत्तावीस वर्षं."

"मी माझ्यासाठी शिवते. उठा आता."

"त्याने दार बंद बघितलं तर..."

"उघडंच ठेवते. उठा."

तिने त्याला काखेत हात घालून उठवलं. फाटक तिने खरंच लोटलं नाही. गाडी वळली, धूळ बसली आणि अंगणात मी एकटा राहिलो.

त्यानंतरच्या तीन वर्षांविषयी मी थोडंच बोलणार आहे. बंदूकवाले आले. कुणीतरी माझ्यात गाडीचं काळं तेल ओतलं. एका दुपारी त्यांना नेम धरायची हुक्की आली, म्हणून त्यांनी मला भिंतीशी आडवा टाकला आणि एक गोळी माझ्या बुडातून आरपार गेली. जाताना त्यांनी घर पेटवलं.

रिकाम्या भांड्यात आवाज फार घुमतो, मित्रांनो. तीन नाताळ मी त्या अंगणात काढले. चर्चची घंटा वाजत नव्हती, होळी नव्हती. थंडी वाढली आणि भिंतीकडेची काटेरी झुडपं वाळून खडखडू लागली, की दिवस जवळ आले हे मला कळे. मग संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर भोकातून एक सूर निघे, आणि त्यात मला कत्तोचं मोजणं ऐकू येई. तोबिया, मरियम, दिन्हा. एकदा एक ओलं कुत्रं निवाऱ्याला माझ्यात येऊन निजलं. थंडीने ते इतकं कापत होतं, की मी पुन्हा बारीक वाजू लागलो. त्या छपरातली ती दुपार जशीच्या तशी अंगात परत आली. मला ते कुत्रं जाऊ नये असं वाटत होतं, आणि ते जावं असंही वाटत होतं.

दोन हजार सतराच्या शरद ऋतूत फाटकातून वारीना आत आली. काठी टेकत, नहरीनच्या खांद्यावर हात ठेवून. जळलेल्या खोल्यांकडे तिने पाहिलं न पाहिलंसं केलं. माझ्यापाशी येऊन बसली आणि आत हात घातला. बोट भोकातून पलीकडे निघालं.

"आजी, फुटलाय तो," नहरीन म्हणाली. "भंगारात देऊन टाकू."

"मीपण फुटकीच आहे. मला देतेस भंगारात?"

मला गाडीत घालून यूनुस उस्ताकडे नेलं. हा मोसूलचा जुना तांबट. त्याचं दुकान बाजारासकट जळालं होतं, म्हणून तो सडकेच्या कडेला ताडपत्रीखाली भाता लावून बसला होता. त्याने मला उन्हात धरलं आणि भोकातून आभाळ पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"ज्यांनी आम्हाला पळवलं त्यांनी," नहरीन म्हणाली.

"मग आपण एकाच घरचे पाहुणे, पोरी," उस्ता म्हणाला आणि ठिगळ कापायला घेतलं.

तो ठोकत होता आणि नहरीन बोलत होती. कशी कोण जाणे, तिथे तिची जीभ सुटली. निर्वासितांच्या छावणीत पत्र्याच्या एका खोलीत ते अकरा जण राहत होते. पहिल्या नाताळला कुणीतरी ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं. वारीनाने अकरा पिशव्या शिवल्या आणि बारावी घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात आजोबांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली.

"आमच्यात पुरुष सुईला हात लावत नाहीत," नहरीन म्हणाली. "माझे वडील हसायला लागले. म्हणाले, बाबा, बोट शिवून घ्याल. आजोबांनी ऐकलंच नाही. अर्धा तास लागला, टाके सगळे वाकडे, तांदूळ बाहेर येत होते. आणि मग ती पिशवी पातेल्यात सोडताना त्यांनी मोठ्याने नाव घेतलं. दिन्हा. मी बावीस वर्षांची होते, उस्ता. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं."

उस्ताची हातोडी थांबली होती.

"मग पेवाची गोष्ट त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितली. काही लपवलं नाही. नंतर ते गायले. छावणीतली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. पुढच्या उपासाच्या दिवसांत ते गेले."

उस्ताने ठिगळाच्या कडा पुन्हा एकदा ठोकल्या, मग कल्हईला घेतलं. मजुरी घेताना तो म्हणाला, "ठिगळाची देऊ नका. ते माझ्याकडून त्या म्हाताऱ्याला."

त्या नाताळच्या आठवडाभर आधी गावात नव्याने आलेले फादर घरी आले. मिस्सेत कुटुंबांची नावं वाचायची असतात, जिवंतांची एक यादी, मृतांची एक. कागद मांडीवर घेऊन ते म्हणाले, "आजी, जुन्या वहीत दिन्हा नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. दोन्ही याद्यांत नाही. कुठे घालू?"

वारीना अंगणात क्लेचाचे खजूर निवडत होती. तिने बिया काढलेला खजूर ताटात ठेवला, दुसरा उचलला, तोही साफ केला. फादर थांबून राहिले.

"मृतांत घाला," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या बापाच्या खाली."

"नक्की ना?"

"तो एकोणीस वर्षांचा आहे, फादर. मी शहात्तर. त्याने किती दिवस फाटकाशी उभं राहायचं?"

आदल्या दुपारी शिवायला तिघीच होत्या, वारीना, सुहाम आणि नहरीन. घरात माणसं सात. सातवी पिशवी शिवून झाल्यावर नहरीनने आपणहून आठव्यासाठी वजडीचा तुकडा पुढे केला.

"नको," वारीना म्हणाली. "त्याचं नाव आता चर्चमध्ये घेतात."

सुई तिने फडक्यात टोचून ठेवली आणि बराच वेळ हात मांडीत धरून बसली.

संध्याकाळी होळी पेटली. काटे चांगले जळाले. सकाळी सगळे जेवले, डावाने मला तळापर्यंत खरवडलं, काही उरलं नाही. कुणी फाटकाकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं मी हलका होईन. पण खरं सांगतो, मित्रांनो, त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं, की दिन्हा गेला आहे. इतकी वर्षं तो फक्त अजून आलेला नव्हता, एवढंच. मला धुताना वारीनाची आसवं माझ्यात पडली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तिने ती पाण्याबरोबर तशीच ओतून टाकली. नहरीनने विचारलं, "आजी, काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. झालं एकदाचं."

वारीना त्यानंतर चार नाताळ जगली. आता डाव नहरीनच्या हातात आहे. परवा ऑस्ट्रेलियाहून तिच्या चुलत भावाचा फोन आला होता. त्याने तिथे मोठं घर बांधलंय. म्हणाला, तो टोप पाठवून दे, दिवाणखान्यात भिंतीवर लावू, दिवा सोडू त्याच्यावर, आपल्या घराण्याची खूण राहील. नहरीनने अजून उत्तर दिलेलं नाही.

तेव्हा माझं एक मागणं आहे. मला भिंतीवर लावू नका. मला वर्षातून एकदा तरी कल्हई करा, कारण तांब्याकडे दुर्लक्ष केलं की ते आतून हिरवं होतं आणि त्यात शिजलेलं अन्न विषारी होतं. मला विस्तवावर ठेवा, खरवडा, धुवा. पोचा आला तर येऊ द्या. माझ्यासारखी जुनी भांडी तुमच्याही घरी माळ्यावर कुठेतरी असतील. त्यांना खाली काढा. आणि अशा भांड्याशेजारी काम करता करता घरातलं कुणी मोठं माणूस काहीतरी सांगायला लागून मध्येच थांबलं, तर उठून जाऊ नका. "मग पुढे?" एवढं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.